चहाच्या डब्यातला प्रीॲम्प

वैशाख लागला की मला घरात एका जागी बसवत नाही. निगडीला प्राधिकरणात आता आमचा फ्लॅट आहे, डोक्यावर पंखा आहे, खिडकीला वाळ्याचा पडदा आहे, कुणी मला कामाला लावत नाही. तरी दुपार कलंडायला लागली की मी उठते. नळ घट्ट बंद आहे का बघते. एका डब्यातली डाळ दुसऱ्या डब्यात ओतते. घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालते. सून विचारते, "आई, काही हवंय का?" काही नको असतं. खाली रस्त्याकडेच्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत असतात, आणि तो आवाज कानावर आला की बोटांना एखादं बारीक, जपून करायचं काम हवंसं होतं.

एका वैशाखात मला तसं काम मिळालं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्डप्लेअरच्या ॲम्प्लिफायरच्या पट्ट्यांना डाग द्यायचे. डाग देणं म्हणजे सोल्डरिंग. कथलाची तार डाव्या हातात, तापलेली कांडी उजव्या हातात, आणि समोर तांब्याच्या रेघांची हिरवी पट्टी. आम्ही दहा-बारा मुली लांबलचक बाकावर ओळीनं बसायचो. वर पत्रा तापलेला, खाली कांड्या तापलेल्या, मधे आम्ही. कथलाच्या तारेतल्या राळेचा धूर डोळ्यांत जायचा. पंखा लावला तर कांडी गार पडते म्हणून पंखा बंद.

ती शेड जिथं उभी होती तिथं मी लहान असताना आमची ज्वारी उभी असायची. वसाहतीत जमीन गेली, दादांनी मिळालेल्या पैशातून गावठाणातलं घर पक्कं केलं आणि दोन म्हशी घेतल्या. मी डबा घेऊन निघाले की ते म्हशींना वैरण टाकता टाकता म्हणायचे, "जा, आपल्याच रानात जा." त्यात दुःख होतं की थट्टा, मला कधी कळलं नाही.

माझ्या शेजारी शाहीन बसायची. दापोडीची. रुळांच्या कडेनं जी गल्ली जाते त्या गल्लीत तिचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचा थोरला भाऊ यूसुफभाई जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचं, रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. शाहीन गायची. नुसतं गुणगुणणं नव्हे, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं गायची, आणि सुपरवायझर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण ती गात असली की आमचे हात सरसर चालायचे. कंपनीतल्या कामगारांनी मिळून एक ऑर्केस्ट्रा काढला होता. त्यात कंपनीतला नसूनही यूसुफभाई गिटार वाजवायचा आणि शाहीन गायची. गणपतीत, लग्नांत, कुणाच्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात. स्टेजवर उभी राहिली की ती माइकपासून हातभर लांब उभी राहायची. "जवळ गेलं तर लोकांच्या कानाचे पडदे फाटतील," असं म्हणायची.

त्या आधीच्या थंडीत तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती, डॉक्टरांनी आधीच तसं सांगितलं होतं. जीव वाचला, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी नवस फेडले. आणि शाहीनचा आवाज गेला. पूर्ण गेला असता तर निदान त्याला गेला म्हणता आलं असतं. तो उरला होता, फुंकर मारल्यासारखा. दोन शब्द बोलली की दम लागायचा. मोठ्यानं बोलायला जावं तर आवाज फाटून मधूनच हवा निघायची.

फाल्गुनात ती कामावर परत आली तेव्हा तिनं बोलणंच सोडलं होतं. कथील संपलं की बोटांनी खूण. पाणी हवं असेल तर ओंजळ. आम्ही बाकीच्या सुरुवातीला तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायचो, जणू तिचे कान गेलेत, मग हळूहळू तिच्याशी बोलणं कमी झालं. बाकावर तिच्या माझ्यामध्ये एक गप्प जागा तयार झाली. त्या जागेकडे मला बघवायचं नाही आणि दुसरीकडे लक्षही लागायचं नाही.

घरी दुसरंच चाललं होतं. लग्नसराई. माझ्यासाठी पाहुणे येत होते. एक घर आळंदीकडचं, एक खेडचं, मग आणखी एक. मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन जायचे, पाटावर बसायचे, नाव सांगायचे. प्रत्येक घरातलं कुणीतरी थोरलं माणूस विचारायचं, "मुलगी कंपनीत जाती म्हणं? लगीन झाल्यावर सोडंल न्हवं?" आणि दादा म्हणायचे, "सोडंल की. तिला काय." मी पाटावर पायाचा अंगठा घासत बसायचे. पाहुणे गेले की होकार की नकार याची वाट, तो आला नाही की पुढच्याची वाट. आई जात्यावरून उठून दारात यायची, दारातून परत जात्यावर. उन्हाळा असा लांबत होता की संध्याकाळ होईल यावरसुद्धा विश्वास बसेना.

एका शनिवारी हाफ डे होता. शाहीननं माझ्या पदराला हात लावून खुणेनं घरी चल म्हटलं. मला वाटलं तिला काही सांगायचंय. बोलवलं होतं यूसुफभाईनं.

त्याचं दुकान म्हणजे तांब्याच्या तारांची रिळं, उघड्या पोटाच्या मोटारी आणि वॉर्निशचा वास. भिंतीवर खिळ्याला गिटार टांगलेली. साधी लाकडी गिटार, पण त्याने तिच्या तारांखाली तारांची थरथर पकडणारा, स्वतः बनवलेला पिकअप बसवला होता. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबकाचे तुकडे आणि त्यांच्यावर एका मोडक्या रिलेतली केसासारखी तार गुंडाळलेली. मोटारी गुंडाळणाऱ्या माणसाला हे काम अवघड नव्हतं. अवघड पुढे होतं.

"बघ," तो म्हणाला आणि गिटार दुकानातल्या ॲम्प्लिफायरला जोडून तार छेडली. स्पीकरमधून इतका बारीक आवाज आला की बाहेरून गेलेल्या सायकलच्या घंटीत तो बुडाला.

"पिकअपमधून येतंय ते फार कमी आहे," तो म्हणाला. "ॲम्प्लिफायरपर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी त्याला हात द्यायला पाहिजे. प्रीॲम्प म्हणतात. छोटासा असतो. तू दिवसभर ॲम्प्लिफायरच्याच पट्ट्यांना डाग देतेस ना? आत काय चालतं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्या पट्ट्या करत होते आणि कुठला पाय कुठल्या भोकात एवढंच मला ठाऊक होतं. त्याने विचारलं तेव्हा मला लाज वाटली नाही, पण त्या रात्रीपासून डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

सोमवारी मी सुपरवायझरना विचारलं. ते बरे गृहस्थ होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकृती काढून दिली. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, आत यायला एक कपॅसिटर, बाहेर जायला एक. "ट्रान्झिस्टर स्वतः काही आवाज करत नाही," ते म्हणाले, "ताकद बॅटरीची. तो फक्त सोडतो आणि अडवतो."

मला ते एकदम समजलं, कारण मी दारं धरलेली होती. रानाला पाणी देताना माणूस खोरंभर माती इकडची तिकडे करतो आणि अख्खा पाट वाफ्यात वळतो. पाणी काय त्या माणसाच्या हातात असतं? त्याने फक्त वेळेवर माती हलवायची. गिटारची तार हलते, ती हलवते चिमूटभर माती, आणि बॅटरीचा पाट वळतो.

सामान आणायला आम्ही तिघं पुण्याला गेलो, तपकीर गल्लीत. बीसी एकशे एकोणपन्नास नंबरचे ट्रान्झिस्टर, तीन पायांचे, मसूर डाळीपेक्षा थोडे मोठे. दुकानदार म्हणाला, याची खरखर कमी असते, बारीक आवाजाला हाच घ्या. ट्रान्झिस्टर रेडिओत बसते ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली. यूसुफभाईला विजेवर चालणारं काही नको होतं. विजेच्या लाइनीची घरघर बारीक आवाजाबरोबर वाढते, असं त्याचं म्हणणं, आणि तेव्हा खेड्यापाड्यांत वीज कधी असायची, कधी नसायची. एवढ्याशा पेटीला एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरली असती.

मग तो वैशाख खरा सुरू झाला. शिफ्ट सुटली की मी गावठाणाकडे वळायच्या ऐवजी दापोडीची बस धरायचे. आई ओरडायची. मी सांगायचे, शाहीनला बरं नाही. ते खोटंही नव्हतं.

पहिला प्रीॲम्प लाकडाच्या फळीवर केला. चालू केला आणि गिटारच्या ऐवजी बाजारभाव ऐकू आले. खरंच. कांदा, बटाटा, लसूण, प्रत्येकाचा क्विंटलचा भाव. रेडिओचं स्टेशन आमच्या तारांत शिरलं होतं. यूसुफभाई कपाळाला हात लावून बसला आणि शाहीन हसली. त्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले, पण मी ते कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

यूसुफभाईनं चहाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. सगळं पत्र्याच्या आत बंद केलं की बाहेरचं आत येत नाही, असं सुपरवायझर म्हणाले होते. डब्याला भोकं पाडली, गिटारची पिन जायला एक, आणि मी म्हटलं म्हणून माइकची पिन जायलाही एक. ऑर्केस्ट्राचा माइकही तसा मरतुकडाच होता. दोघांना वेगवेगळे ट्रान्झिस्टर, दोघांना वेगळी बटणं, पुढे दोन्ही आवाज एका तारेतून बाहेर. डब्यात बसवल्यावर बाजारभाव गेले. घरघर मात्र राहिली. एखादा भुंगा कोंडून ठेवावा तशी.

त्या घरघरीनं माझी झोप उडवली. मी डाग पुन्हा दिले. ट्रान्झिस्टर बदलला. बॅटरीच्या निम्मे व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर यायला हवेत, ते येत होते. सगळं बरोबर आणि तरी घरघर. मधेच खेडचे पाहुणे पुन्हा आले, मुलाच्या मावशीला मला बघायचं राहिलं होतं. मावशी विचारत होत्या, "स्वयंपाकात काय काय येतं?" आणि मी म्हणाले, "कपॅसिटर उलटा नाहीये ना." आईनं बशी ठेवता ठेवता मला चिमटा काढला. त्यांचा नकार दोन दिवसांत आला.

घरघर शाहीननं शोधली. आम्ही दोघं डब्यावर वाकून भांडत होतो. यूसुफभाई म्हणत होता पिकअप चुकला, मी म्हणत होते पिकअपला काही झालं नाही. शाहीननं कंटाळून डबा बाजूला सरकवण्यासाठी त्याच्यावर तळवा ठेवला. घरघर थांबली. तिनं हात उचलला, घरघर सुरू. ठेवला, बंद. तिनं माझ्या दंडाला धरून मला दाखवलं. ठेवला, उचलला, ठेवला.

"डबा तसाच सुटा आहे," यूसुफभाई हळूच म्हणाला. "त्याला आपण कुठंच बांधलं नाही."

मी डब्याच्या पत्र्यापासून बॅटरीच्या काळ्या तारेपर्यंत एक वायर ओढली आणि दोन्हीकडे डाग दिला. भुंगा मेला. इतकी शांतता झाली की स्पीकर बंद पडला असं आम्हाला वाटलं. शाहीन माइक चालू आहे का बघायला पुढे झाली, तो तोंडाजवळ धरला आणि तिच्या नेहमीच्या त्या फुंकरीत म्हणाली, "यूसुफभाई, हे बंद आहे का?"

स्पीकरमधून शाहीन बोलली. पूर्ण शाहीन. फुंकर होतीच त्यात, पण फुंकरीच्या आत तिचा आवाज होता, त्याची कड, त्याचं वळण, 'यूसुफ' म्हणताना ती जो किंचित हेल काढते तो. इतके महिने तो तिथंच होता आणि आमच्या कानांपर्यंत पोचत नव्हता. तिनं माइक टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. बाहेरून लोकल गेली तेव्हा दुकानातली रिळं थरथरली.

मामाचं गाव चाकणच्या पलीकडे. तिथली जत्रा वैशाखात असते. मामा जत्रा कमिटीत होता आणि त्या आठवड्यात आमंत्रण द्यायला आला. दादांबरोबर ओट्यावर बसून म्हणाला, "औंदा पोरं म्हंत्यात तमाशा न्हाई, आर्केस्ट्रा आणायचा. तुमच्या सुमीच्या कंपनीतला हाय म्हणं."

यूसुफभाईच्या ऑर्केस्ट्राला सुपारी मिळाली. ऑर्केस्ट्राचे मास्तर कडक होते. शाहीनच्या जागी त्यांनी दुसरी गायिका घेतलेली होती आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. यूसुफभाई त्यांच्या मागं लागला. शेवटी ते म्हणाले, "एक गाणं देतो. आवाज पोचला तर पुढचं बघू. नाही पोचला तर पुन्हा मला विचारायचं नाही."

शाहीन नाही म्हणाली. तोंडानं म्हणाली, म्हणजे तिला ते फार वाटलं असणार. "लोक हसतील."

"हसू देत," यूसुफभाई म्हणाला.

"तुला काय जातंय? तुझी गिटार आहे. तुटली तर दुसरी करशील."

मी म्हटलं, "मी डब्यापाशी बसते. तुला नको वाटलं तर नुसता हात वर कर, मी बटण बंद करीन. लोकांना वाटेल मशीन बिघडलं." तिनं जत्रेला रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

त्याच रविवारी आईनं आणखी एक घाट घातला होता. मामाच्या ओळखीचे पाहुणे जत्रेला येणार होते. दुपारी मामाच्या घरी मला बघायचं आणि संध्याकाळी जत्रा. मी साडी नेसून पोहे दिले, नाव सांगितलं आणि त्याच साडीत पदर खोचून पटांगणावर धावले. कुस्त्या नुकत्याच संपल्या होत्या. फडातली लाल माती हवेत तरंगत होती. दिवस मावळतीला टेकला होता, पण उकाडा जमिनीतून वर येत होता, आणि रेवड्यांच्या पालांवर गॅसबत्त्या पेटवायची गडबड चालली होती. लाउडस्पीकरवाल्याने दोन कर्णे लिंबाच्या झाडाला बांधले होते. त्याचा ॲम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर होता. मी त्याला म्हटलं, "माइकच्या भोकात नको, आवाज आधीच वाढवलेला आहे, रेकॉर्डच्या भोकात आमची पिन लावा." त्याने माझ्याकडे, मग चहाच्या डब्याकडे पाहिलं आणि लावली.

मास्तरांची पहिली गाणी झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग त्यांनी शाहीनचं नाव घेतलं.

ती पुढं आली आणि सवयीनं माइकपासून हातभर लांब उभी राहिली. यूसुफभाईनं सूर दिला. तिनं श्वास भरला आणि पूर्वीसारखा आवाज लावायला गेली. तो फाटला. कर्ण्यांतून नुसती हवा आली. कुणीतरी म्हणालं, "आवाज वाढवा की राव." मी बटण फिरवलं आणि माइक कर्ण्यांचाच आवाज परत खायला लागला, अशी कर्कश शिट्टी निघाली की पोरांनी कान झाकले. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण सगळे हसले. मी बटण मागं घेतलं आणि शाहीनच्या हाताकडे पाहत राहिले. आता वर जाईल, आता जाईल. माझं बोट बटणावर घामानं घसरत होतं.

तिनं हात उचलला. माझ्यासाठी नव्हे. तिनं त्या हातानं माइकचा दांडा धरला, जवळ ओढला, ओठ जवळजवळ टेकवले आणि म्हणाली, "जरा थांबा."

ते शब्द अख्ख्या पटांगणावर पसरले. कर्ण्यांमधून लोकांनी तोवर ओरडणंच ऐकलं होतं. हरवलेल्या पोरांची नावं, कुस्तीचे निकाल, देणगीदारांचे आभार. इतक्या जवळून बोलणारं माणूस त्यांतून कधी आलं नव्हतं. शेजारी बसून कानात बोलावं तसं. मागं उभे असलेले लोकसुद्धा एकदम आपल्या बाजूला वळून बघायला लागले.

"माझं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "मला मोठ्यानं गाता येत नाही. मी हळूच गाणार आहे. तुम्हीच जरा गप्प बसा."

कुणीतरी हसलं, या वेळी वेगळं, आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला. पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बसलेले दादा होते. "बसा रं खाली," ते मागं वळून म्हणाले. "पोरगी सांगतीय ती ऐका."

मग ती गायली. गाणं जलद होतं, तिनं ते संथ केलं. यूसुफभाईला आधी कळेना, मग त्यानं तारा हलक्या हातानं छेडायला सुरुवात केली. वरच्या पट्टीतली जागा आली की ती तिथं चढायची नाही, शब्द नुसता ठेवून द्यायची आणि पुढं जायची. दोनदा श्वास संपला. तेवढा वेळ गिटार वाजत राहिली. मी बटणं हलवायचं विसरून गेले. झाडाखालच्या बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. रेवडीवाल्याने तराजू हातात तसाच धरला होता. गाणं संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा फार मोठ्याही नव्हत्या. लोकांना इतक्यात आवाज करावासा वाटत नसावा, असा मी त्याचा अर्थ लावला. कदाचित त्यांना पुढचं जलद गाणं हवं असेल.

मास्तरांनी तिला परत घेतलं नाही. "छान झालं," ते म्हणाले, "पण ऑर्केस्ट्राला पटांगण उचलणारा आवाज लागतो. एका गाण्यापुरतं ठीक." शाहीननं मान डोलावली. तिलाही ते पटलेलं दिसलं. पुढं ती स्टेजवर कधी गेली नाही. बायकांच्या बैठकीत, बारशाला, हळदीला गायची, आणि लांबच्या लांब गल्ल्यांतून तिला बोलावणी यायची. यूसुफभाई तो डबा तिच्याबरोबर पाठवायचा. नंतर त्याने तसे बरेच डबे केले. एक भजनी मंडळाला दिला, एक घसा बसलेल्या शाळामास्तरांना. डाग मीच द्यायचे.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मामाच्या ओट्यावर चहा झाला. पाहुण्यांतले थोरले काका बशीत चहा ओतून म्हणाले, "मुलगी आवडली आमास्नी. मशीनबिशीन चालवती, हुशार हाय. पण लगीन झाल्यावर कंपनी सोडंल न्हवं?"

आई दारातून दादांकडे बघत होती. त्यांनी आपली बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तिलाच इचारा की. इथंच हाय ती."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हाताला अजून कथलाचा वास येत होता. मी म्हटलं, "नाही सोडणार."

काकांनी बशीतला चहा संपवला, मामाला जत्रा चांगली झाली म्हणाले आणि उठले. त्यांचा निरोप आला नाही. आई कितीतरी दिवस दादांशी तुटक बोलत होती. दादांनी तसं का केलं, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी चिंचवडचं स्थळ आलं. मुलगा स्वतःच बोलत होता आणि त्याने विचारलं, तुमची शिफ्ट किती वाजता सुटते. म्हणजे घ्यायला यायला बरं. मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. वैशाख मात्र मला दरवर्षी असाच उठवतो, बसवतो. एका उन्हाळ्यात इतकं काही एकदम हलावं याची सवय लागली की पुढचे सगळे उन्हाळे फिके वाटतात.

जत्रेनंतरच्या सोमवारी मी शेडमध्ये गेले तेव्हा शाहीन आधीच बाकावर बसली होती. कांडी तापायची होती. मी शेजारी बसले आणि नेहमीसारखी गप्प राहिले. ती माझ्याकडे झुकली, कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "तुझ्या मामींनी आमटी किती तिखट केली होती गं. यूसुफभाई अजून पाणी पितोय." मग ती थांबलीच नाही. रेवडीवाल्याचा तराजू खोटा होता. मास्तरांनी दुसरं गाणं बेसूर गायलं. त्या पाहुण्यांच्या मुलाचे कान मोठे होते, बरं झालं. एकेक वाक्य झालं की श्वास घ्यायची आणि पुन्हा माझ्या कानाशी यायची. बाकीच्या मुली जवळ सरकल्या, कारण लांबून ऐकू येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही सगळ्या तिच्याभोवती दाटीवाटीनं बसलो होतो, माना वाकवून, आणि सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेले. संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा माझा डावा कान तिच्या श्वासानं गरम झाला होता, पट्ट्या निम्म्याच झाल्या होत्या, आणि बसस्टॉपवर ती मला अजून काहीतरी सांगत होती.